सुट्टे

व्हीनस कॉर्नरच्या सिग्नलला नव्वद सेकंद मिळतात.
तेवढ्यात मी एक अख्खा माणूस तपासून घेते:
हातपाय धड आहेत का,
तोंडाला वास येतोय का,
शर्ट फाटलाय की फाडलाय.
एकोणीस वर्षं जिल्हा परिषदेत, लेखा विभागात
लोकांच्या बिलांवर लाल पेनानं
‘आक्षेप’ लिहीत आले.
डोळ्यांना आता दुसरं काही जमत नाही.

तो गाडीला हात लावत नाही, बाई-ताई करत नाही.
रेशनच्या रांगेत उभं राहावं तसा उभा राहतो
आणि माझ्या डाव्या खांद्याच्या
जरा पलीकडे बघतो.

‘सुट्टे नाहीत,’ मी म्हणायचे.
पर्समध्ये नाणी खुळखुळायची.
दोघांनाही ऐकू यायची.

आता खरंच नसतात.
भाजी फोनवर, दूध फोनवर,
गंगावेशीतला फुलवालासुद्धा चौकोन पुढे करतो.
इतकी वर्षं बोललेलं खोटं
एक दिवस आपसूक खरं झालं,
तरी ते म्हणताना
जीभ तशीच अडखळते.

कणबरकर म्हणतात, पैसे देऊच नयेत, मॅडम,
संध्याकाळी सगळे देशी दारूच्या दुकानात जमा.
खायला द्यावं.
(कणबरकरांचा प्रवासभत्ता मी तीनदा परत पाठवलाय.
ते कागलला गेलेच नव्हते.)
तरी ऐकलं त्यांचं. बिस्किटांचा पुडा घेतला, क्रीमचा,
दिला.
त्यानं उलटा करून बघितला, परत दिला.
‘गोड चालत न्हाई, बाई. साखर हाय.
सीपीआरच्या डाक्टरनं बंद केलंय.’

मला राग आला.
दसरा चौकापर्यंत टिकला.
तिथं मला कळलं, राग बिस्किटांचा नव्हताच.
भिकाऱ्याला डॉक्टर आहे,
डॉक्टरचं ऐकायची शिस्त आहे,
आणि माझी साखर तपासायची राहिलीय
गेल्या दिवाळीपासून,
याचा होता.

मागं चपला शिवणारा एक जण बसतो.
त्यानं हाक मारली, ‘दौलू, सावलीत ये की रं.’
नाव ऐकायला नको होतं.
नाव असलं की फाइल उघडावी लागते.

पोरगा तापातून उठला त्या वर्षी
मी पाच घरं जोगवा मागितला होता.
मंगळवार होता. इरकल नेसलेली, हातात परडी.
तीन घरं ओळखीची, चौथंही तसंच.
पाचवं मात्र अगदी परकं,
जिन्याखालच्या खोलीचं.
दारात एक बाई, हाताला कणीक लागलेली.
‘अंबाबाईचा जोगवा’ म्हणताना
आवाज घशातच राहिला माझा.
तिनं डब्यातून पसाभर पीठ घातलं.
डबा खरवडल्याचा आवाज आला.
कुंकू लावलं, वाकून पाया पडली माझ्या.
धडधाकट आहेस की, म्हणाली नाही.
काय करणार पिठाचं, विचारलं नाही.
आणि मी पूर्ण वेळ
तिच्या खांद्यावरून मागचं कॅलेंडर बघत होते.
कुठल्यातरी खत कंपनीचं होतं ते.

सोमवारी बँकेतून दहाच्या नाण्यांची थैली आणली.
कॅशियर म्हणाला, देवळाला वाटतं?
मी हो म्हटलं.

मंगळवारी दिलं.
त्यानं बघितलंही नाही, मुठीत घेतलं, पुढं गेला.
बरं वाटलं की नाही, सांगता येत नाही.

बुधवारी परत हात पुढे केला,
म्हणजे मी.
‘कालच दिलंसा की,’ तो म्हणाला
आणि मागच्या बुलेटवाल्याकडं वळला.

हिरवा पडला. मागून हॉर्न.
मुठीत नाणं तसंच, एक्सलेटरवर नीट पकड बसेना.
ऑफिसात पोचल्यावर बघितलं,
तळव्यावर गोल वळ उठलेला.
कणबरकर नवीन बिल घेऊन उभे होते.
मी लाल पेन शोधत राहिले
दुसऱ्या हातानं.