भरलेलं वजा रिकामं

सावदा-रावेर रस्त्यावर बऱ्हाटेंचा वजनकाटा,
रात्रपाळीला तिथं मी.
गाडी येते, भरलेली मोजतो.
माल टाकून परत येते, रिकामी मोजतो.
मधली वजाबाकी म्हणजे माल.
बारा वर्षांत एवढंच गणित पक्कं झालं
आणि ते कुठंही लावून बघायची खोड जडली.

आज मोबाइलवर एक गेम पाहतोय.
एक पूर्णांक चार जीबी.
मला दिवसाला मिळतो दीड.
म्हणजे हा उतरवला की उद्या रात्री बारापर्यंत
बायकोचं तोंड दिसणार नाही.
ती पाचोऱ्याला, बहिणीच्या बाळंतपणाला.

तर एक पूर्णांक चार, हे भरलेलं.
रिकामं किती?
झगमग किती, जाहिराती किती,
सुरुवातीचं ते गोल फिरणारं चाक किती किलोचं?
आणि खेळायला म्हणून हातात पडेल
ते निव्वळ किती?

वर लिहिलंय, अमर्याद जग.
अमर्याद काट्यावर चढत नाही.
आमचा काटा साठ टनांवर संपतो.

चित्रं पाच दिलीत.
पहिल्यात पूल.
दुसऱ्यात तोच पूल, घोड्यावरून.
तिसऱ्यात बाजार, सात दुकानं.
दोन बोटांनी मोठं करून बघितलं,
कडी दोनच दारांना,
बाकीची दारं भिंतीवर काढलेली.
चौथ्यात राक्षस.
पाचव्यात तोच, लाल केलेला.
शितावरून भाताची परीक्षा म्हणतात खरं,
पण हे शीत ज्यानं वेचून काढलं
तोच भात विकायला बसलाय.
पेटीतली वरची फणी अशीच असते,
फडक्यानं पुसलेली.

ट्रेलर सव्वा मिनिटाचा.
त्यात चाळीस सेकंद ढग.

सगळ्या चित्रांच्या मागं एक डोंगर आहे, निळा, लांबच लांब.
तिथवर जाता येतं,
की चालत गेलं की नाकाला काच लागते?
मान वर केली तर खिडकीत सातपुडा,
अंधारातली एक जास्त काळी रेघ.
जन्मल्यापासून बघतोय,
आणि पालच्या पुढं मी गेलेलो नाही.

पावणेबाराला सरफू तडवी आला पिकअप घेऊन.
तो पालच्याही वरचा.
त्याच्या हातात मोबाइल दिला,
सांग भो, किती माल असेल यात?
त्यानं पाचही चित्रं पाहिली, परत पाहिली,
बैल बघतात तशी, दात न मोजता,
नुसतं उभं राहणं बघून.
मग म्हणाला,
"सावल्या बघ. पाचही ठिकाणी डाव्या अंगाला.
यात रात्र केलेलीच नाही, भो.
नुसती सांज आहे. तीही एकच."

मी बोटांनी दारं मोजत बसलो होतो,
आणि हा बाहेर उभा राहून
आख्खी रात्र उणी काढून मोकळा.
माझा हिशोब त्याच्या पासंगालाही पुरला नाही.

घेऊ नये, असंच ठरवलं.
मग सरफू पाणी प्यायला माठाकडं गेला
आणि मला आठवलं,
मी सांज शेवटची कधी पाहिली?
सूर्य कलतो तेव्हा मी डबा भरत असतो,
चपला शोधत असतो.
एकच असू दे.
पण ढळत नाही म्हणतो ना हा.

बारा वाजून एक.
अंगठा टेकवला.
दोन टक्के, चार.

पिकअप काट्यावर चढली,
आकडे डुलले, थांबले.
चिठ्ठी फाडून दिली.
भरलेलं, एकतीसशे चाळीस.
रिकामं, कोरं.
निव्वळ, कोरं.
"येतो टाकून," म्हणाला सरफू.

नऊ टक्के.
बायकोला लिहून ठेवलं,
उद्या साधाच फोन कर,
आवाज पुरे.