तेरावी खेप

मोपाहून वर्षदाचं विमान सुटलं तेव्हा
मी सुकाणूवर होतो.
फेरीत नऊ स्कूटर, शाळेची एक गाडी,
बर्फात दाबलेल्या बांगड्यांची पाटी,
आणि दोरखंड धरून बोस्त्यांव, नेहमीसारखा अर्धा झोपेत.

रजा मिळाली असती. मागितली नाही.
विमानतळावर बापानं करायचं काय असतं?
ट्रॉली ढकलायची, मग काचेबाहेर उभं राहायचं.
इथे निदान हातात चाक होतं.

आदल्या रात्री मोबाइलवर तिनं दाखवलं होतं:
मोपा ते लंडन, सरळ रेषेत
सात हजार पाचशे सत्तर किलोमीटर.
वेळ साडेदहा तास.
"पण सरळ जात नाहीत हं पप्पा,
कुठे कुठे आकाश बंद असतं, वळसा घालतात."

ते मला कशाला सांगायला हवं?
सुकतीला आम्हीही वाळूच्या पट्ट्याला वळसा घालतो,
चार मिनिटांची सात होतात,
आणि दिवाडीच्या धक्क्यावर मास्तरीणबाई
घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघतात.

पहिल्या खेपेनंतर पावतीच्या कोऱ्या बाजूवर
मी हिशेब मांडला.
नदी धरली चारशे मीटर.
(कमी असेल. बाप मोजायला बसला की थोडं वाढतं.)
दिवसाच्या तीस खेपा: बारा किलोमीटर.
वर्षाचे तीनशे दिवस, अठ्ठावीस वर्षं.
एक लाख आठशे.

लंडनच्या अंतरानं भागलं.
तेरा.
वर उरले दोन हजार तीनशे नव्वद.

तेरा म्हणजे विषम.
म्हणजे माझी शेवटची पुरी खेप तिकडच्या धक्क्याला लागलेली.
मी तिच्या गावी पोचलोय,
चपला काढल्यात,
आणि लगेच उलटा निघालोय.
फेरीवाल्याला मुक्काम कुठला?
उरलेले किलोमीटर नकाशावर बोटानं मोजले:
काळ्या समुद्रापाशी कुठेतरी मी आहे.
तिथे दोर टाकायला खांब नाही.

बोस्त्यांवला कागद दाखवला.
तो बराच वेळ बघत राहिला, ओठ हलवत.
"म्हळ्यार तूं परत येता," तो म्हणाला,
"आनी तें अजून पावूंकच ना."

खरंच की.
म्हणजे वाटेत कुठेतरी आमची गाठ पडणार.

मधल्या पाण्यात दोन फेऱ्या समोरासमोर आल्या
की आम्ही भोंगा वाजवत नाही.
नुसता हात वर करायचा.
मांडवीवरचा हा जुना रिवाज,
कुणी शिकवत नाही.

साडेसहाला उडालेलं विमान
काळ्या समुद्रापाशी पोचायला पावणेदोन वाजणार,
वळसा वेगळा.
पावणेदोनला माझी पाळीतली शेवटची खेप.
नदीच्या मध्यावर येताच
मी चाकावरचा उजवा हात काढला
आणि वर केला.

समोर फेरी नव्हती.
खारफुटी होती, एक बगळा होता,
आणि खाली स्कूटरवर बसलेला कुणी पोरगा.
त्याला वाटलं, त्यालाच.
त्यानंही हात केला.