बाविसावं पत्र

द्वारकाआत्याच्या पत्र्याच्या डब्यात बावीस पत्रं निघाली.
सबलगडहून लष्करला, छोट्या लाइनीच्या गाडीने आलेली,
सगळी मोडीत,
स्टेशनवरून आणणाऱ्या धाकट्या भावाला कळू नयेत म्हणून.
तो भाऊ म्हणजे माझे बाबा.
त्यांना अजून कळत नाहीत.

मी फोटो पाठवते. रात्री अकरानंतर तू उलगडून देतोस:
‘कालव्यास पाणी सोडले. खोकला बरा.
गजक पोचली, अर्धी गार्डाने खाल्ली असावी.’
प्रेमाचा एक शब्द नाही बघ, म्हणतोस,
आणि खाली उगाच एक पिवळं फूल.

बाविसाव्याची घडी झिजली आहे.
‘रविवारी स्टेशनावर’
पुढचं अक्षर गेलंय, तू लिहितोस.
‘यावे’ असेल.
किंवा ‘न यावे’.

बाबांना विचारलं, आत्या गेली होती?
म्हणाले, माहीत नाही.
त्या सकाळी माझ्याकडून चपलांना पॉलिश करून घेतलं तिने,
दोनदा.

मग तुझा मेसेज: मूळ कागद बघायला हवा.
रविवारी येऊ?
मी लिहिते, खोडते.
तिकडे तुला नुसतं दिसत असणार,
टाइप करत आहे… टाइप करत आहे…

फोटो तसा स्पष्टच होता.
छोटी लाइन बंद झाली, लिहिलं शेवटी,
मोठ्या गाडीने ये.