नोंदणी क्रमांक २१४७

जोडबसवण्णा चौकाच्या मागे आमचं वाचनालय.
वर पंखा, खाली मी,
मध्ये साडेतीन हजार पुस्तकं.
त्यातलं हे एक, गुलाबी पाठीचं:
पुण्यात केक करणारी मुलगी,
वरच्या मजल्यावरचा भांडखोर आर्किटेक्ट
आणि एक लिफ्ट, सारखी बंद पडणारी.
एवढंच.
कुणी मरत नाही, कुणाला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.
कमिटीनं विचारलं, हे कशाला घेतलंत, गुंडेटी मॅडम?
म्हटलं, सुटीत कळेल.

अख्खा मे महिना ते फळीला टेकलं नाही.

करजगी सर, मराठीचे, निवृत्त,
लाल पेन घेतल्याशिवाय वाचत नाहीत.
समासात चौसष्ट चुका, ऱ्हस्व-दीर्घाच्या.
पान एकशे बारावर मात्र एकही नाही.
तिथं ती दोघं लिफ्टमध्ये अडकतात.
मी तपासलं:
त्या पानावर ‘आणी’ तीनदा आहे.

हत्तरकी वहिनी म्हणाल्या, केकची कृती चूक.
एवढ्या सोड्यानं तो भांड्याबाहेर येईल.
करून पाहिला.
आला.

रुक्साना बागवान, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला:
हिरो बराय मॅडम,
पण त्याला फोनवर कुणीच विचारत नाही, कुठं आहेस, जेवलास का.
असा मुलगा असतो का कुठं?
मग दारातून परत फिरून,
ह्याच बाईंचं दुसरं काही आहे?

नरसय्या दुडम,
चाळीस वर्षं चादरीच्या नक्षीची कार्डं पाडलेली.
पुस्तक टेबलावर ठेवलं
गिऱ्हाइकानं परत केलेल्या मालासारखं.
वीण नाही ह्यात, म्हणाले.
पोरगा कामावर कधी जातो?
एक पाळी तरी दाखवा आठ तासांची,
मग करा म्हणावं प्रेम.
आणि मुदत वाढवून नेलं. तीनदा.
अजून चुका सापडतायत, म्हणाले.

मधल्या शनिवारी ते माझ्याकडं असायचं.
पिशवीत घालून मी विडी घरकुलात जायची.
पाच बायका, पाच सुपं,
मी वाचणार, त्या वळणार.
त्यांचं मत हातात असतं.
भांडण आलं की बोटं भराभर,
महाबळेश्वरचं वर्णन लांबलं
की कात्र्या थांबतात, कुणीतरी चहाचं विचारतं.
तो जिन्यात बसून माफी मागतो,
तेव्हा नरसव्वाची एक विडी उलटी वळली गेली.
छाट निघेल, म्हणाली,
पण मोडली नाही,
सुपाच्या कडेला ठेवली.

जूनच्या सुरुवातीला दुडम काका आले.
एकशे ऐंशी रुपये मोजून ठेवले, सगळे सुटे.
हरवलं.
कुठं?
रिक्षात, म्हणाले, पंख्याकडं बघत.
बाहेर त्यांची सायकल उभी होती,
हँडलला पिशवी, पिशवीचं तोंड
दोऱ्यानं बांधलेलं.
मी रजिस्टरात लिहिलं: हरवले, किंमत वसूल.
शेऱ्याचा रकाना मोकळा ठेवला.

आता घरकुलाची शेवटची तीस पानं राहिलेली.
मी तोंडी सांगायला बसले.
आठवत होतं तेवढं सांगितलं,
मग आठवेना, तेव्हा रचलं:
केकवाली रुसून मावशीकडं आली, सोलापूरला.
आर्किटेक्टला मी गाडीत बसवला,
स्टेशनवर उतरवला,
भर दुपारी सात रस्त्याला उभा केला,
हातात शेंगाचटणीचा पुडा.

सगळ्या गप्प.
नरसव्वानं कात्री खाली ठेवली.
बाराच्या उन्हात?
डोक्याला रुमाल नाही, काही नाही?
पोरगी दार उघडेपर्यंत हा पडणार बघ चक्कर येऊन.
खोटं सांगालालीस मॅडम.

मी त्याला परत पाठवला.
संध्याकाळच्या गाडीनं आणला,
पाण्याची बाटली दिली.

हां, राजव्वा म्हणाली,
पान तंबाखूवर दुमडत,
आता वाच.