नावे

रात्रीचे पावणेतीन. कायानी. बाहेर उणे एकोणतीस.
जुन्या कागदगिरणीच्या पोटात आता सर्व्हरच्या रांगा घुमतात
आणि सतरा नंबरचा गुदमरतोय.
मी एकेका प्रोसेसची मेमरी मांडली, बेरीज केली:
चौसष्ट जीबीतले एकोणीस.
उरलेले पंचेचाळीस
कुणीच खाल्लेले नाहीत म्हणे.

तौनो केरानेन थर्मासमधून कॉफी ओततो.
एकतीस वर्षं तो इथल्या भांडारात होता,
गिरणी गेली, तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन
पहाऱ्याला राहिला.
"काय हरवलं?"
"हरवलं नाही. कर्नलकडे आहे.
कुणासाठी घेतलं, तेवढं लिहिलेलं नाही."

तो कप खाली ठेवतो.
"कागदाचं प्रत्येक रीळ आम्ही तोलायचो,
किलोला किलो लागायचा.
पण वंगण? सुतळी? पुसायच्या चिंध्या?
हवं त्याने डब्यातून घ्यावं.
गिरणीचं, म्हणजे कुणाचंच नाही.
एका फेब्रुवारीत तीन नंबरचं यंत्र कोरडं पडून थांबलं
तेव्हा साहेबांनी माझ्या हातात वही दिली.
मूस्तोनेन महिनाभर माझ्याशी बोलला नाही.
त्याच्या नावे सगळ्यांत जास्त निघालं.
घरच्या बोटीला लावायचा."

मी स्लॅबची यादी उघडते.
पहिल्याच ओळीत चोर, तोही बिचारा:
बसच्या वेळा तपासणारा एक इवलासा प्रोग्रॅम,
सारखी एक फाइल मागतो, जी नाहीच.
दर खेपेला नवं नाव.
कर्नल शोधतो, सापडत नाही,
आणि पुन्हा शोधावं लागू नये म्हणून
लक्षात ठेवतो: हे नाही. हेही नाही.
बावीस कोटी नकार, जपून ठेवलेले,
एकेक एकशे ब्याण्णव बाइटांचा.
अडचण आली की टाकून देईन, असा त्याचा वायदा,
पण अडचण आली तेव्हा
उचलायचं कुठून, हेच त्याला सुचेना.

मी हिशेब चालू करते.
आता घेतानाच नावे पडेल.
मागाहून विचारून उपयोग नाही,
मागाहून सगळं गिरणीचंच असतं.
मग मर्यादेचा रकाना. कर्सर लुकलुकतो.
"ओलांडली तर?" तौनो विचारतो.
"आधी त्याचेच जुने नकार झटकले जातील.
तरी जागा झाली नाही, तर त्याला नकार मिळेल."
"आणि मग?"
"बहुतेक मरेल."
तौनो खिडकीकडे बघतो. काचेवर आतून बर्फ धरलंय.
"पाल्तामोच्या फाट्यावर
साडेपाचच्या बससाठी कुणीतरी उभं असतं," एवढंच म्हणतो.

मी एक लिहिलं होतं. खोडून दोन जीबी लिहिते.
दोनच का, ते विचारू नका;
वंगणाचे किती डबे पुरतात, हे कोणत्या पुस्तकात आहे?
आणि फोन उचलते, कारण आता
कुणाला उठवायचं ते कळलंय.
सानेल्मा दहाव्या घंटीला उचलते, शिवी देते,
ऐकते, गप्प होते,
आणि म्हणते, "अरे देवा, ती तात्पुरती फाइल."

पाच वाजता नवा प्रोग्रॅम चढतो. जुन्याचा गट मी पुसते.
यंत्र श्वास घेतं.
सवयीने पुन्हा मोजते तर
गटांच्या आकड्यात एक जास्तच.
पुसलेला गट नावापुरता उरलाय:
त्याच्या नावे घेतलेलं एक पान
शेजारचा कुणी अजून वापरतोय,
तोवर खातं मिटत नाही.

तौनोला सांगते, वाटलं हसेल.
तो कोटाची बटणं लावत राहतो.
"मूस्तोनेन अठ्ठ्याण्णव साली गेला.
वहीत त्याच्या नावे दोन डबे अजून आहेत.
बोट त्याची मुलगी चालवते."