गेट एकोणचाळीस इंची

डॉक्टरांनी गुडघा बदलला आणि सांगितलं,
मिस्त्री, आता उकिडवं बसायचं विसरा.
मी विळ्याकडं बघितलं.
विळा खुंटीला. त्याला कुणी काय सांगितलं नव्हतं.

पाचगावच्या माळावर बावीस गुंठे,
मधे घर, बाकी सगळं गवत.
दिवाळीपर्यंत ते असं माजतं
की मांजर आत जातं
आणि नुसता आवाज परत येतो.

म्हणून शिरोलीच्या शोरूमला गेलो.
लाल, पिवळी, हिरवी यंत्रं ओळीनं,
खुर्च्यांसकट,
हॉल रिकामा झाल्यावर
नवरा-नवरीच्या खुर्च्या उरतात तशी.

शिरगुप्पेंचा पोरगा, शर्ट इन केलेला, म्हणाला,
काका, याला स्टिअरिंगच नाही.
दोन दांडे. दोन्ही पुढं रेटले की पुढं.
एक पुढं, एक मागं, की जागच्या जागी गिरकी.
झिरो टर्न.

छत्तीस वर्षं मी उद्यमनगरात लेथवर उभा होतो.
फिरायचं ते जॉबनं.
मी कधी फिरलो नव्हतो.

बसलो. एक दांडा पुढं, एक मागं.
दुकानाची पाटी फिरली, हायवे फिरला,
पुण्याकडं जाणारी एसटी फिरली,
लांब जोतिबाचा डोंगर फिरला,
आणि पर्स पोटाशी धरून उभी असलेली शारदा
दोनदा समोरून गेली.
दोन्ही वेळेला तोंडावर तेच:
केवढ्याला?

उतरलो. पात्याच्या डब्यावर बोटानं टिचकी मारली.
पत्रा दाबलेला का वेल्ड केलेला?
पोरगा माहितीपत्रक चाळायला लागला.
पातं हातानं फिरवून कान लावला.
माहितीपत्रक खोटं बोलेल,
बेअरिंग बोलत नाही.

काका, उतार आहे का जमिनीला?
थोडा, म्हणालो.
विहिरीकडं आहे की चांगला, शारदा म्हणाली.
पोरगा गप्प झाला. मग म्हणाला,
ओल्या उतारावर हे घसरतं, चाकं धरत नाहीत.
विहिरीकडं नका नेऊ.
गिऱ्हाईक जाईल हे माहीत असून म्हणाला.
शिरगुप्पेंनी पोरगं चांगलं वाढवलंय.

रात्रभर बेचाळीस इंची पातं डोळ्यांपुढं.
सकाळी टेप घेऊन गेटाशी.
एकोणचाळीस.
परत मोजलं. एकोणचाळीसच.
हे गेट मीच वेल्ड केलेलं, एक्क्याण्णव साली.
तेव्हाचं माप एक लूना आणि एक म्हैस,
तेही दोघी एकदम नाही.

काय मोजालाय सकाळी सकाळी?
गौरा कुंभार, डोक्यावर चुंबळ, हातात विळा.
सांगितलं तिला सगळं,
दांडे, गिरकी, इंच.
ती टेपकडं बघत राहिली.
आणि कापल्यालं गवत कुठं जातंय?
तिथंच पडतं, बारीक होऊन. खत होतं म्हणे.
बरं, म्हणाली,
आणि रोजच्यासारखी विहिरीकडं गेली.
तिची म्हैस रोज आमच्या चहात असते.
मला टेप मिटवता येईना,
पट्टी मधेच अडकली होती.

चौतीस इंचीचं ठरवलं.
गेट तोडायचं नाही.
विहिरीकडचा उतार गौराचा,
पेरूपासून खालचं सगळं तिचं.

म्हणजे निम्मं तीच कापणार, शारदा म्हणाली,
मग मशीन कशाला?
बसायला, म्हणालो.

ती पुढं काही बोलली नाही.
परातीत भाकरी फिरत होती तिच्या तळव्याखाली,
जागच्या जागी, कडेला एक चीर नाही.
तव्यावर टाकली. पाणी फिरवलं.
मग पाठमोरीच म्हणाली,
दोनच दांडे म्हणालात न्हवं?
मला यील का चालवायला?