पन्हळ

उद्यमनगरात बारा वर्षं मी ड्रिलांना धार लावली,
कोयत्यांना, कडबा कापायच्या पात्यांना.
मग अल ऐनला आलो. मॉलच्या तळमजल्यावर
दीड माणसाचा गाळा, एक सहाणचाक,
काचेपलीकडे बर्फाचा आखाडा.
बाहेर सेहेचाळीस अंश. आत मला स्वेटर.

पहिला स्केट हातात आला आणि चुकलो,
सुरीसारखी धार काढली.
गुंटिसनं पातं नखावर टेकवलं, हसला,
पुढचे तीन दात नाहीत तिथून हसला.
मग दाखवलं: याला एक धार नसते, दोन असतात,
दोन्ही काठांना,
मधे पन्हळ,
कौलाच्या वळचणीला असते तसली, पण केसाएवढी.
खोल असली तर बर्फ धरते,
उथळ असली तर जाऊ देते.
एवढंच शास्त्र.

तो लाटवियाचा. ते कुठं आलं मी विचारलं नाही,
त्यानंही कोल्हापूर विचारलं नाही.
सतरा वर्षं पगारावर खेळला.
आधी रीगा, मग कझाकस्तानात
कोळशाच्या गावी दोन हिवाळे,
मग नॉर्वे, तिथं क्लबच बुडाला
आणि शेवटचा पगार सुक्या मासळीत मिळाला.
खरं-खोटं त्याचं त्याला.
आणि मग इथं, वाळूत.
रात्री सामने, सकाळी शेखांच्या नातवंडांना
पडायला शिकवायचं.
आधी पडायला. उभं राहणं नंतर.

दिगंबर त्याच्या जिभेवर मावेना. डिगा म्हणायचा.

पहिल्या हंगामात म्हणाला, अर्धा इंच.
आमच्या भाषेत चार सूत.
गोलाई लहान, म्हणून पन्हळ खोल.
वळायचा तेव्हा बर्फ फाटल्याचा आवाज यायचा,
मांजरपाट टराटरा फाडावं तसा.
दुसऱ्या हंगामात पाच सूत.
तिसऱ्यात, दिवाळीच्या आधी, सहा.

मालक टाळ्या वाजवत होता. गोल होत होते.
मी चाकावर हिरा फिरवून गोलाई मोठी करत होतो
आणि गप्प होतो.
गुडघ्याला पकड सोसेनाशी झाली
की माणूस उथळ पन्हळ मागतो.

माझा थोरला मामा तालमीत होता.
एके दिवशी म्हणाला, हौदाची माती जरा मऊ करा.
वस्ताद काही बोलला नाही,
पुढच्या जत्रेला त्याची जोड दुसऱ्याला दिली.
मामा नंतर साखर कारखान्यावर रखवालदार.
फाटकाशी उभा राहायचा तेव्हाही
हात मांड्यांवर, सलामी झडायच्या बेतात.

चौथ्या हंगामात, फेब्रुवारीत,
गुंटिस म्हणाला, आठ.
म्हणजे जवळजवळ सपाटच.
पोलादही फार उरलं नव्हतं,
घासून घासून दोन बोटांचं अर्धं बोट झालेलं.
म्हटलं, नवं पातं घाल.
म्हणाला, पुरेल.

मार्च संपेपर्यंत पुरलं.

आखाड्याच्या मागल्या दारी रफीकुल
यंत्रानं खरवडलेला बर्फ ओततो,
पार्किंगमध्ये, रोज एक टेकडी.
मांजरं चाटायला येतात,
टॅक्सीवाले पाण्याच्या बाटल्या खुपसून ठेवतात.
शेवटच्या सामन्याच्या रात्री
गुंटिस त्या टेकडीत मांडीपर्यंत पाय पुरून बसला होता.
डांबर तापलेलं. टेकडी कडेनं वितळत होती.

मी शेजारी टेकलो.
माझ्या गाळ्यात चाकाखाली लोहचुंबक असतं,
त्याला चार वर्षांची भुकटी लागलेली,
त्याची, पोरांची, सगळी काळी, सगळी एक.
ते त्याला सांगावंसं वाटलं. इंग्रजी पुरलं नाही.

बराच वेळानं त्यानं गुडघ्यावर बोट टेकवलं.
डिगा, याला किती सूत?

मी उठलो, रफीकुलचं घमेलं आणलं
आणि पलीकडचा बर्फ ओढून
त्याच्या पायावर टाकत राहिलो.